तालमीतला पंथप्रमुख

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी अध्यक्षांनी स्वतःच्याच घराच्या पहिल्या मजल्यावर सख्ख्या काकांच्या खोलीचं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं. आतल्या अनोळखी बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "रांगेत बसा."

"मी इथेच राहतो," अध्यक्ष म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात. इथे आलं की घरी आल्यासारखं वाटतं म्हणून." दार बंद झालं.

रांग जिन्यावर होती. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडून, गल्लीतून वळसा घालून, रस्त्याकडच्या दाराने अध्यक्ष आत आले होते, कारण वर जायला तेवढाच जिना होता. एरवी ते मागच्या दारानेच ये-जा करत, आणि पुढच्या जिन्यावर काय चाललंय हे घरातल्या कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं पक्षाच्या प्रतोदांनी, सकाळी फोनवर.

"तुमच्या घरात पंथ चालतो," प्रतोद म्हणाले होते. "विरोधी पक्षनेत्याकडे फोटो आहे. मंगळवारी दाखवणार."

"कसला पंथ? काहीतरीच काय!"

"जिना तुमचाच आहे. कठड्यावर तुमच्या मातोश्रींची रजई वाळत घातलेली दिसतेय. हिरवी, कडेला लाल पट्टी."

रजई हिरवीच होती. कडेला लाल पट्टी होती. ती आत्ताही कठड्यावर होती आणि तिच्या सावलीत माणसं बसली होती.

अध्यक्ष एका रिकाम्या पायरीवर टेकले. वरच्या पायरीवर बसचालकाच्या गणवेशातला माणूस होता, खालच्या पायरीवर मांडीवर व्हायोलिनची पेटी घेतलेली मुलगी.

"पहिल्यांदाच?" चालकाने विचारलं.

"मी त्यांचा पुतण्या आहे."

"अरे वा! मग तुमचं तर बरंच साठलं असेल."

मुलीने मागे वळून पाहिलं. "तुम्ही ते टीव्हीवरचे ना? पंथांच्या मागे लागलेले?"

"विधेयक मांडणारे," अध्यक्षांनी दुरुस्ती केली.

"घाबरू नका हं," ती म्हणाली. "काका कोणाला नावं ठेवत नाहीत."

अध्यक्ष उठले, गल्लीतून परत वळसा घालून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "सगळ्यांना टेबलाशी बोलवा."

*

अध्यक्षांचं राजकारण पोहण्याच्या तलावावर उभं होतं, ही गोष्ट घरातल्या चार माणसांखेरीज कोणाच्या लक्षात राहिलेली नव्हती.

ते नगरसभेत निवडून आले तेव्हा गटारांची झाकणं हा त्यांचा विषय होता. दुसऱ्या वर्षी शुभ्र सभा नावाच्या एका पंथाने शहराचा सार्वजनिक तलाव लिलावात घेतला, त्यातलं पाणी काढून टाकलं आणि कोरड्या फरशीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं डोळे मिटून बसू लागली. अध्यक्ष लहानपणापासून त्या तलावात पोहायचे. त्यांनी नगरसभेत तावातावाने भाषण केलं. त्यांचा मुद्दा पोहण्याचा होता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तो पंथांचा झाला. 'अंधभक्तीविरुद्ध एकटा आवाज' असा मथळा आला, खाली त्यांचा फोटो. फोटो चांगला आला होता. त्यानंतर कोणालाही पंथांबद्दल काही विचारायचं असलं की लोक त्यांना विचारू लागले, आणि विचारलं की ते उत्तर देऊ लागले. त्यावर ते राष्ट्रीय सभागृहात गेले, पंथविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि घरातही अध्यक्षच झाले. ते नाव आईने कुचेष्टेने ठेवलं होतं. पुढे कुचेष्टा गेली, नाव राहिलं.

पंथांना आळा घालणारं त्यांचं विधेयक तीनदा पडलं होतं. पहिल्यांदा व्याख्या इतकी अरुंद होती की तिच्यात एकच पंथ बसत होता, आणि तो मतदानापूर्वीच आपापसातल्या भांडणातून बंद पडला. दुसऱ्यांदा ती इतकी रुंद झाली की तीत गायनमंडळं, फुटबॉलच्या संघांचे चाहते आणि खुद्द सत्ताधारी पक्षही बसू लागला. तिसऱ्यांदा व्याख्या अध्यक्षांच्या धाकट्या बहिणीने लिहिली. ती वकील होती आणि व्याख्या चांगली होती. पण विरोधी पक्षनेत्याने शांतपणे विचारलं, "यात नुकसान काय आहे?" अध्यक्ष भडकले. त्यांचा हात पाण्याच्या पेल्याला लागला आणि पेला सभापतींच्या कागदांवर आडवा झाला.

म्हणून चौथ्या वेळी घरी तालीम घ्यायचं ठरलं.

या घरात तालमीशिवाय काही होत नसे. ही सवय अध्यक्षांच्या वडिलांची. ते शाळेत वक्तृत्व शिकवायचे. लग्नाची मागणी घालायला जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या धाकट्या भावाला मुलीचा बाप करून समोर बसवलं होतं. तेव्हापासून समोरच्याची भूमिका कायम काकांकडे. काका मुलाखतीचे परीक्षक झाले, घरमालक झाले, अध्यक्षांच्या पहिल्या निवडणुकीत चिडलेले मतदार झाले. वकीलबाईंना नवऱ्याशी फारकतीचं बोलायचं होतं तेव्हा काका नवरा झाले, आणि इतके समजूतदार नवरा झाले की वकीलबाईंनी तो विचारच सोडून दिला. मग त्या घरी गेल्या, खरा नवरा भेटला आणि विचार पुन्हा पक्का झाला.

काका सरकारी लिफ्ट निरीक्षक होते. लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर ते अनोळखी माणसांबरोबर बंद खोक्यात उभे राहिले होते, आणि त्या सगळ्या माणसांनी त्यांच्याकडे न बघता दरवाजावरच्या आकड्यांकडे बघितलं होतं. निवृत्त झाल्यावर ते पहिल्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आले.

या वेळी त्यांना पंथप्रमुख व्हायचं होतं. वकीलबाईंनी नीट शिकवलं. "काका, पंथप्रमुख कमी बोलतो. समोरचा काही म्हणाला की त्याच्याकडे बघायचं. घाई करायची नाही. त्याचं बोलून संपलं असं वाटलं तरी थांबायचं. मग फक्त एवढंच विचारायचं: मग तुम्ही काय ठरवलंत?"

"बस्स?"

"बस्स. लोक एवढ्यावर घरंदारं सोडतात. मी साक्षी वाचल्यात."

काका भूमिका मनापासून करायचे. त्यांनी बाहेरही सराव सुरू केला. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घेताना बेकरीवाली तिच्या भावाबद्दल कुरकुरत होती, की तो भट्टीपाशी झोपतो आणि याला काढू की ठेवू. काकांनी तिच्याकडे पाहिलं. घाई केली नाही. मग विचारलं. बेकरीवालीच्या हातातला पाव हातातच राहिला. ती रडली, नाक पुसलं आणि म्हणाली, "ठेवते. पण भट्टीपासून लांब." दुसऱ्या दिवशी ती ताजा पाव घेऊन घरी आली. बरोबर शेजारीण होती.

*

डॉक्टर रुग्णालयातून सकाळीच परतल्या होत्या. त्या अध्यक्षांच्या पत्नी. भूल देणं हा त्यांचा व्यवसाय, त्यामुळे लोक झोपण्यापूर्वी काय काय बोलतात हे त्यांना ठाऊक होतं आणि त्या कोणाच्याच बोलण्याने चटकन दचकत नसत. टेबलाशी बसून त्या टोस्टवर लोणी लावत होत्या. शेजारी सासूबाई, समोर नणंद. नवरा उभाच होता. त्याला बसून रागावता येत नसे, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत होतं.

"किती दिवस चाललंय हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुझा दौरा सुरू झाला तेव्हापासून," आई म्हणाली. "मी भावोजींना सांगितलं होतं, जिना अडवू नका म्हणून. माझी रजई वाळत नाही तिथे. लोक टेकतात."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू फोन केलास की स्वतःच बोलतोस आणि ठेवतोस."

"आई, मंगळवारी मतदान आहे. चौथं. या वेळी पडलं तर पक्ष पाचव्यांदा मांडू देणार नाही. झालं तर मंत्रिपद. आणि माझ्या जिन्यावर भक्त बसलेत!"

"भक्त नाहीत ते," डॉक्टर म्हणाल्या.

"मग कोण आहेत?"

"बसचालक आहेत. एक व्हायोलिन शिकणारी आहे. परवा एक न्यायाधीश होते."

"थांबा," वकीलबाईंनी हात वर केला. "भावनेच्या भरात नको. कलम चार लावून बघू." पंथाची व्याख्या सांगणारं कलम चार त्यांना पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं. "एक. लोक एका व्यक्तीपुढे नियमित जमतात?"

"रोज," आई म्हणाली. "दुपारी दोन ते चार सोडून. भावोजी झोपतात."

"दोन. त्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय महत्त्वाचे निर्णय घेत नाहीत?"

डॉक्टर टोस्टच्या कडेपर्यंत लोणी लावत राहिल्या.

"तीन. घरच्यांपाशी बोलत नाहीत ते तिच्यापाशी बोलतात?"

"घरचे ऐकत असते तर..." डॉक्टर पुटपुटल्या आणि टोस्टचा तुकडा तोंडात टाकला.

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. "तू गेली होतीस?"

"हो."

"जिन्यावर बसलीस?"

"मग काय, वशिल्याने जाऊ? रांग असते."

"काय बोललीस?"

"ते तुम्हाला सांगायचं असतं तर वर कशाला गेले असते, अहो?"

"बघ," आई वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "मला वाटलंच होतं. ही कपडे वाळत घालायला म्हणून वर जायची आणि तशीच खाली यायची. कपडे बादलीतच."

"सासूबाई, तुम्हीही गेला होतात. तिसऱ्या पायरीवर होतात. मी पाचवीवर."

"मी रजई काढायला गेले होते."

"अर्धा तास?"

"जड असते ती."

वकीलबाईंनी टेबलावर बोटं वाजवली. "चार. पंथप्रमुखाला किंवा त्याच्या कुटुंबाला वस्तुरूपाने लाभ होतो का? हे शेवटचं. हे नसेल तर सुटलो. काका पैसे घेतात?"

"छे! एक छदामही नाही," आई म्हणाली. "भावोजींचा स्वभाव नाही तो."

"मग झालं. लाभ नाही, म्हणजे पंथ नाही." वकीलबाई हसल्या आणि टोस्ट घ्यायला हात पुढे केला. हात मध्येच थांबला. "हा पाव कुठला?"

सगळ्यांनी टोपलीकडे पाहिलं. टोपलीत दोन लांब पाव, तिळाचे गोल पाव आणि मनुका घातलेला एक मोठा पाव होता. दौऱ्यावरून परत आल्यापासून अध्यक्ष रोज सकाळी या पावाचं कौतुक करत होते. शुक्रवारी तर ते म्हणाले होते की बाजारातला पाव आता घशाखाली उतरत नाही.

"बेकरीवाली आणते," डॉक्टर म्हणाल्या. "पैसे घेत नाही. मी द्यायला गेले तर रागावली."

"दादा," वकीलबाई सावकाश म्हणाल्या, "लाभार्थी तू आहेस."

अध्यक्ष खाली बसले.

"कलम बदल," ते म्हणाले. "कुटुंबातल्या व्यक्तीला सूट दे. दोन ओळींची दुरुस्ती."

"आणि मग? प्रत्येक पंथात सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीणच म्हणतात. उद्या शुभ्र सभा म्हणेल आम्ही एकच कुटुंब आहोत. तीन वर्षं खपून लिहिलंय मी ते. त्यातून मुंगी सुटत नाही."

"मुंगी नाही, आपले काका आहेत ते!"

"मुंगीला मी ओळखत नव्हते, काकांनाही ओळखायचं नाही. कायदा असाच असतो, दादा. हे वाक्य तुझंच आहे. भाषणात आहे, पान सहावर."

"मग एकच मार्ग. काकांना मंगळवारपर्यंत कुठेतरी पाठवून देऊ. समुद्रावर. एखाद्या विश्रामगृहात."

आत्तापर्यंत आई मुलाच्या बाजूने होती. ती खुर्चीत सरळ झाली. "भावोजींना घराबाहेर काढणार?"

"दोन दिवसांसाठी, आई."

"तुझे वडील गेले तेव्हा या टेबलाशी मला काय हवंय हे कोणी विचारलं नाही. तू अंत्ययात्रेच्या भाषणाची तालीम करत होतास. भावोजी एकटे माझ्याजवळ बसले. त्यांना बाहेर काढणार म्हणे! तुझं विधेयक काढ बाहेर."

डॉक्टरांनी टोस्ट खाली ठेवला. हे त्यांना नवीन होतं. सासूबाईंनी गेल्या पंधरवड्यात काकांबद्दल रजईखेरीज काही म्हटलं नव्हतं.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि आवाज खाली आणला. "पाठवत नाही. त्यांना बोलवा. त्यांनी स्वतःच लोकांना सांगावं, की हे सगळं तालमीसाठी होतं, आता झालं, उद्यापासून येऊ नका. एवढं तर करतील?"

"करतील," वकीलबाई म्हणाल्या. "पण सांगायचं कसं, ते त्यांना जमायला हवं. आपण एकदा बसवून घेऊ."

*

काकांनी व्हायोलिनवाल्या मुलीचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, मग खाली आले. बेकरीवाली मागोमाग आली आणि दारातच थांबली. रिकाम्या टोपल्या न्यायच्या होत्या, असं ती म्हणाली.

काकांना सगळं समजावून सांगितलं गेलं. फोटो, मंगळवार, पाव. काकांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. घरात कोणालाही कशाचीही गरज पडली की त्यांना खाली बोलावतात, एक खुर्ची देतात आणि ते कोण आहेत ते सांगतात. आज कोण, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"मी कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही तुम्हीच," वकीलबाई म्हणाल्या. "दादा भक्त. तो जिन्यावरून आलाय. तुम्ही त्याला सांगायचं, उद्यापासून येऊ नका."

काका खुर्चीत बसले. सवयीने त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. मग काढलं. हात गुडघ्यांवर ठेवले, मग टेबलावर.

"मी कसा बसतो?" त्यांनी विचारलं.

"नेहमी बसता तसे, भावोजी," आई म्हणाली.

"नेहमी मी कोणीतरी असतो." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. घसा साफ केला. "महोदय, या जिन्याची क्षमता..." ते थांबले. "नाही. हा लिफ्टवाला झाला."

"काका, साधं बोला," डॉक्टर म्हणाल्या.

"साधंच बोलतोय गं. पण कोणासारखं साधं? माझ्या दादासारखं साधं वेगळं, भाजीवाल्यासारखं वेगळं." घामाने त्यांचं कपाळ ओलं झालं होतं. मुलीचा बाप त्यांनी एका दमात केला होता. नवरा तर न विचारता केला होता. "मला एकदा कोणीतरी करून दाखवा. मी कसा आहे ते."

टेबलाशी बसलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. वकीलबाई उत्तम नकला करत. पण काकांची नक्कल कोणालाच येत नव्हती.

"ते जाऊ दे," अध्यक्ष घाईने म्हणाले. "मी सुरू करतो. मी भक्त. मी आलो. काका, माझी अडचण अशी आहे, की मंगळवारी माझं एक काम आहे. मोठं काम. ते झालं तर बरं होईल."

काकांना एवढंच हवं होतं. समोर माणूस होता आणि तो बोलत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. घाई केली नाही.

"बरं म्हणजे चांगलंच होईल," अध्यक्ष म्हणाले. "एकोणीस वर्षं त्याच्यामागे आहे मी."

काका बघत राहिले. अध्यक्षांचं बोलून झालं असावं असं वाटलं. काका तरी थांबले.

"लोक मला त्याच कामासाठी ओळखतात," अध्यक्ष म्हणाले. आता ते भक्ताच्या आवाजात बोलत नव्हते. "तुम्हाला सांगतो काका, मला पंथांचं काही नाही. कधीच नव्हतं. माणसं डोळे मिटून बसली तर बसू देत ना, कोरड्या फरशीवर बसतील नाहीतर ओल्या. मला फक्त तलाव हवा होता. मी सकाळी सहाला जायचो. पाणी इतकं गार असायचं की पहिल्या उडीला ओरडायला व्हायचं. ते मी सांगत होतो तेव्हा. कोणी ऐकलंच नाही. त्यांनी दुसरंच छापलं, आणि ते इतकं चांगलं छापलं होतं की मला नाही म्हणवलं नाही. आता मंगळवारी ते झालं, तर बुधवारपासून मी काय बोलू? आणि नाही झालं, तर मी एकोणीस वर्षं काय बोललो?"

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. आईने उठून बंद केला.

"मग तू काय ठरवलंस?" काकांनी विचारलं.

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग दारातल्या बेकरीवालीकडे. ती टोपली छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"ही तालीम होती," अध्यक्ष तिला म्हणाले.

"हो, हो," बेकरीवाली म्हणाली. "माझंही आधी असंच झालं."

"काका!" वकीलबाईंचा आवाज चढला. "तुम्ही 'उद्यापासून येऊ नका' म्हणायचं होतं! त्यासाठी बसलो होतो ना आपण?"

"म्हणणार होतो," काका म्हणाले. "पण हा बोलत होता."

"मग आता म्हणा."

काकांनी पुतण्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली. "नाही गं. ते मला नाही जमायचं. तुम्हाला दुसरा कोणी सापडतो का बघा."

हे वाक्य काकांनी कोणाच्याही आवाजात म्हटलेलं नव्हतं. पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आई आणि वकीलबाई एकदमच बोलू लागल्या होत्या, आणि बेकरीवाली विचारत होती की साहेबांना उद्यापासून मनुकांचा पाव आणू की तिळाचा.

*

मंगळवारी वकीलबाई प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या होत्या. शेजारी डॉक्टर. आई आली नव्हती. घरी कोणीतरी हवं, असं ती म्हणाली. काकाही आले नव्हते. त्यांना कोणी या म्हणालं नव्हतं, आणि येऊ नका असंही म्हणालं नव्हतं.

वकीलबाईंच्या मांडीवर कलम चार होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. वाक्य सुरेख होतं. कुठे फट नव्हती. आपल्या हातून आयुष्यात एवढी एकच गोष्ट निर्दोष झाली, असं त्यांना कधीकधी वाटायचं, आणि ती आता त्यांच्या सख्ख्या काकांना धरून होती.

"वहिनी, दादा काय बोलणार आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही. तालीम केली नाही त्यांनी."

वकीलबाईंनी मांडीवरचा कागद घट्ट धरला.

विरोधी पक्षनेते फोटो मोठा करून, पुठ्ठ्यावर चिकटवून घेऊन आले होते. ते उठणार एवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला. प्रतोदांनी मागून त्यांचा कोट ओढला. अध्यक्ष उभेच राहिले.

"सभापती महोदय, विरोधी पक्षनेत्यांना पुठ्ठा उचलायचे कष्ट नकोत. तो माझ्या घराचा जिना आहे. वर माझे काका राहतात. लोक त्यांच्याकडे येतात आणि बोलतात. मीही त्या जिन्यावर बसलो होतो. माझा नंबर आला नाही."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष थांबले. पूर्वी अशा वेळी ते चिडत. आज ते हसू ओसरेपर्यंत उभे राहिले.

"त्यांच्यामुळे आमच्या घरी पाव येतो. तो मी खाल्लाय. चांगला असतो. कलम चार लागू झालं तर पहिली नोटीस माझ्या पत्त्यावर येईल. मागच्या वेळी मला विचारलं होतं, यात नुकसान काय आहे. तेव्हा मी पेला सांडला. आज सांगतो. काही ठिकाणी नुकसान आहे, फार आहे. आमच्या समितीपुढे माणसं रडली आहेत. आणि काही ठिकाणी काहीच नाही. बाहेरून दोन्ही जिने सारखेच दिसतात. माझ्या बहिणीने लिहिलेलं कलम उत्तम आहे. माझे काकाही उत्तम आहेत. एवढंच."

ते खाली बसले. विरोधी पक्षनेते पुठ्ठा हातात धरून उभे राहिले, त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, तो उलटा असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते म्हणाले, "माझा प्रश्न त्यांनीच घेतला. मला आणखी काही म्हणायचं नाही."

"झालं?" वकीलबाई म्हणाल्या. "एवढंच? होय की नाही तेच नाही सांगितलं त्याने!"

"रडू नका हो," डॉक्टर म्हणाल्या.

"मी कुठे रडतेय? उत्तम म्हणाला तो कलमाला. सभागृहात. नोंदीत जाणार ते."

कलम चारवर मतदान पुकारलं गेलं. सभासदांनी बाकावरची बटणं दाबली. भिंतीवरच्या फलकावर आकडे उमटले. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा एकच होता. प्रतोदांनी फलकाकडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं, एकेक बाक बोटाने मोजत ते पुढे आले आणि अध्यक्षांपाशी थांबले. एक मत कमी पडलं होतं.

"तुमचं बोट कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"खिशात," अध्यक्ष म्हणाले.

समसमान मतं पडली की निर्णायक मत सभापतींचं, असा नियम आहे. सभापती सत्तरीचे आहेत, अकरा वर्षं त्या खुर्चीवर आहेत, आणि या काळात त्यांना एकदाही मत द्यावं लागलेलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि फलकाकडे बराच वेळ पाहिलं. मग पुढच्या बैठकीपर्यंत मत राखून ठेवत असल्याचं सांगून त्यांनी कामकाज तहकूब केलं.

पुढची बैठक गुरुवारी आहे. सभापतींनी होकार दिला तर कलम चार लागू होईल आणि पहिली नोटीस अध्यक्षांच्या घरी जाईल. नकार दिला तर व्याख्येविना विधेयक चौथ्यांदा पडेल. मंत्रिपदाबद्दल प्रतोद फोन उचलत नाहीत. बटण का दाबलं नाही, हे अध्यक्षांना घरी कोणी विचारलेलं नाही.

बुधवारी संध्याकाळी सभापतींच्या कार्यालयातून वकीलबाईंना फोन आला. बोलणाऱ्याने आधी हे बोलणं खाजगी असल्याचं दोनदा सांगितलं. मग विचारलं, काका दुपारी दोन ते चारच्या दरम्यान झोपतात हे खरं का, आणि त्याआधी कोणाला भेटतील का. कोणाला, हे सांगितलं नाही.

विचारून कळवते, असं म्हणून वकीलबाईंनी फोन ठेवला. काकांना त्यांनी अजून विचारलेलं नाही.